घेऊ का?

मनामात, कोल्ड स्टोअरच्या वरच्या मजल्यावर,
जिथे दुपारभर खालून खबूसचा वास येतो,
आमचा वर्ग भरतो. नऊ जण,
एक पलंग, एक चाकाची खुर्ची
आणि एक रबरी म्हातारा, डावा हात निखळलेला.
दिलमायानं त्याचं नाव ठेवलंय जुमा.

मी वयानं सगळ्यांत थोर, शिकण्यात सगळ्यांत ढ.
एकोणीस वर्षं मीना सलमानच्या गोदीत
फोर्कलिफ्ट चालवली.
कंपनी बुडाली, खांदा धरला, व्हिसा तेवढा शिल्लक होता.
कुणीतरी म्हणालं, शहरात म्हातारे वाढलेत, परकार,
माणसं उचलायला माणसं हवीत.
म्हटलं, उचलणं तर माझ्या हातचा मळ.

पहिल्या दिवशी जुमाला उचललं,
पाठ ताठ, गुडघे वाकवून, वजन अंगालगत,
खुर्चीत असा टेकवला
जसं तांदळाचं पोतं पॅलेटवर.
त्सेहायनं टाळी वाजवली, रोवेनानं फोटो काढला.
बद्रियाबाईंनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.
मुहर्रकच्या इस्पितळात हाडं झिजलीत त्यांची.
म्हणाल्या, "या जुमाची एकच खोड आहे,
तो कधी नाही म्हणत नाही."

आणि स्वतःच पलंगावर चढल्या,
चपला काढून, अबाया सावरून.
डोळे मिटले. उघडले तेव्हा
बाई त्यात राहिल्याच नव्हत्या.
तोंड वाकडं, मूठ आवळलेली,
कुण्या मेलेल्या भावाला हाका मारणारी
नव्वदीची अनोळखी म्हातारी.

माझी पाळी.
काखेत हात घातला मात्र,
खाडकन कानाखाली बसली.
खरीखुरी.
कुणी हसलं नाही.
खाली कोल्ड स्टोअरवाल्यानं नमाजासाठी शटर ओढलं.

"पुन्हा," म्हातारी बाईंच्या आवाजात म्हणाली
आणि लगेच परत नव्वदीची झाली.

अरबीत काय म्हणायचं ते वहीत होतं,
वही खुर्चीवर, खुर्ची पलंगापल्याड.
गाल झणझणत होता,
आणि तोंडून निघालं ते दाभोळच्या पडवीतलं,
शेजारणीच्या कडेवरल्या पोराला
आपण हात पसरून म्हणतो ते.
घेऊ का?

पोर कधी झेप घेतं,
कधी आईच्या खांद्यात तोंड खुपसतं.
त्याची मर्जी. आपण हात पसरून उभं राहायचं.
राहिलो.
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.
खांदा भरून आला.
मग त्या मुठीतलं एक बोट सुटलं,
थोड्या वेळानं दुसरं,
आणि एक कोरडा हात माझ्या मानेवर आला.

वहीत त्या दिवशी गोदीच्या हिशेबानं लिहिलं:
ज्यानं मान धरली, त्याचं वजन निम्मं.

रात्री दाभोळला फोन लावला.
आईचं सगळं जैबुन करते, माझी धाकटी.
शहाणपण ताजं होतं, विचारलं,
"उचलण्याआधी विचारतेस का गं तिला?"
पलीकडे भांडी थांबली.
"दिवसातनं बारा वेळा उचलते," म्हणाली,
"मला कोण विचारतं?"

प्रमाणपत्र आलंय. परकारचं बरकार झालंय त्यावर,
त्यांच्याकडे प नाही, चालायचंच.
आता रात्रपाळी. चौदा पलंग, आम्ही दोघं.
पहाटे चारनंतर कधी विचारायचं राहून जातं,
मग कळतं हातांना आपोआप,
माणूस पोत्यासारखा जड लागतो.
परत ठेवतो. परत पहिल्यापासून.

परवा पगार झाल्यावर जैबुनला फोन केला.
"तुला काय घेऊ गं?"
आईला नाही, पोरांना नाही, तुला.
बराच वेळ काही बोललीच नाही.
मी थांबलो, ते आता जमतं.
"कमरेचा पट्टा," म्हणाली.
"मोठा घे."