लिटरला पस्तीस ग्रॅम

समुद्र मी पाहिलेला नाही.
त्याची कृती मात्र पाठ आहे:
लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ,
फिल्टरच्या पाण्यात, निळ्या बादलीत,
रात्रभर फिरतं ठेवायचं.
सकाळी भुसावळात, फालक मॅडमच्या दवाखान्यात,
गाल धरून बसलेल्या माणसांसमोर
तो चार फूट लांब असतो.

मे महिन्यात बाहेर शेहेचाळीस.
पाणी उडतं, मीठ राहतं,
म्हणून वरून घालायचं ते गोडंच पाणी.
हे शिकायला एक मासा लागला.

आत होते दोन जोकर, एकाच कपारीचे भाडेकरू;
वाळूत बीळ करणारा गोबी,
सगळ्यांत भित्रा, म्हणून सगळ्यांत आधी सोडलेला;
आणि बोटाएवढा फायरफिश,
शेपटीकडे पेटल्यासारखा लाल.

मॅडम म्हणाल्या, सायबू, एखादा मोठा आण,
पेशंटला खुर्चीवरून दिसला पाहिजे.
मोबाईलवर ट्रिगर दाखवला, पट्ट्यापट्ट्यांचा.
म्हटलं, मॅडम, मासा शेपटीपर्यंत मोजू नका.
तोंड मोजा.
तुम्हाला तर तोंडांतलं कळतं.
त्या मास्कच्या आत हसल्या.

मग मेलच्या पार्सल डब्यातून,
थर्माकोलच्या खोक्यात, पिवळा टँग आला.
तळहाताएवढा,
रावेरच्या पिकत घातलेल्या केळीचा रंग.
मोठा, पण पाला खाणारा.
शेपटीच्या मुळाशी दुमडलेला वस्तरा,
कारण पाला खाणाऱ्यालाही राग असतो.

दिवे मालवले.
सगळे दगड हलवले,
हे माझं, असं कुणालाच म्हणता येऊ नये म्हणून.
आणि काही फटी मुद्दाम ठेवल्या
अंगठा जाईल एवढ्याच.
सात भावांत मी धाकटा.
फटी कुठे ठेवायच्या हे मला विचारा.

सावद्याचे एक आजोबा, गाल सुजलेला,
काचेत बघत म्हणाले,
'बळी तो कान पिळी, भो.
हे बारके काही वाचत नाहीत.'
'बाबा, माशाला कान कुठे दिसतो?'
त्यांनी गाल दाबला.
हसणं दुखलं असावं.

जेवणाच्या वेळी डाव्या कोपऱ्यात
टँगला चिमट्यात शेवाळ.
तो तिथे कुरतडत असला की
उजवीकडे ड्रॉपरने बाकीच्यांचं.
एका पंगतीत बसवलं तर सगळे सुधारतील
असं मला नाही वाटत.
तिसऱ्या दिवशी तो गोबीच्या बिळावर उभाच राहिला.
मग सलूनवाल्या जुलालचा तडकलेला आरसा आणून
काचेला बाहेरून टेकवला.
दोन दिवस तो स्वतःशीच भांडला.

शनिवारी रात्री लाईट गेली.
मागच्या खिडकीतून दीपनगरच्या चिमण्यांवरचे
लाल दिवे दिसत होते,
आणि इथे अंधार.
बॅटरीचा पंप लावला आणि स्टुलावर बसलो.
बुडबुड्यांचा आवाज, माझा घाम.
एकदाच मोबाईल पेटवला:
टँग तिरका, हवेच्या धारेपाशी,
त्याच्या पोटाखाली गोबी, बीळ सोडून आलेला,
बाजूला फायरफिश,
मध्ये बोटभर पाणी.
याला शांतता म्हणावं की दमछाक,
मला ठरवता आलं नाही.
मोबाईल विझवला.

पहाटे चारला लाईट आली.
टँगने पहिलं काम केलं ते
फायरफिशला ढुशी द्यायचं.
तो अंगठ्याएवढ्या फटीत गेला,
थांबला,
आणि मी तोंड धुऊन येईपर्यंत बाहेर होता.
मी दीड तांब्या गोडं पाणी घातलं.

सोमवारी आजोबा पुन्हा आले, दात काढायला.
आधी काचेला बोट लावून मोजलं.
'चारच. म्हटलं नव्हतं?'
'बाबा, खाली वाका जरा.
वाळूत बघा,
दोन डोळे आहेत.'