तिधारी

गवत गोल, लव्हाळा तिधारी.
डोळे मिटा, देठ बोटांत फिरवा.
पहिल्या तासाला लेइडा कुर्वित्स बाईंनी
एवढंच सांगितलं, आणि सगळ्यांना दलदलीत उतरवलं,
तार्तूपासून दोन तासांवर,
बर्फ विरघळून जेमतेम आठवडा झालेला.
माझा एक बूट अजून तिथंच आहे.

एकोणचाळीस वर्षं बाईंनी लव्हाळेच पाहिले.
परदेशी जायचा परवाना तीनदा नाकारला गेला,
तेव्हा परदेशच टपालानं मागवला:
हेलसिंकीहून, उप्सालाहून चपटी पार्सलं,
आत कुणाच्या तरी पाणथळीतलं एखादं रोप.
टिपकागद मिळेना, म्हणून वर्तमानपत्रांत दाबायच्या;
पंचवार्षिक योजनेच्या आकड्यांवर
कणीस नीट पसरलेलं.
तो देश गेला, आकडे गेले.
कणसातली फळं अजून मोजता येतात.

एका लव्हाळ्याला त्यांनी स्वतः नाव दिलं होतं,
सारेमा बेटावरच्या, खाऱ्या ओलीतल्या,
आईच्या नावावरून. साल एकाहत्तर.
लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या,
"बारसं झालंय एक, पुरे."

ते नाव मी पुसलं.
ठरवून नाही. तीन नमुन्यांचा डीएनए वाचला
आणि दिसलं, वेगळं काही नव्हतंच.
मिठानं खुजा झालेला नेहमीचाच लव्हाळा.
आमच्या धंद्यात नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे
एकाच बाकावर बसतात, हे ठाऊक होतं;
तरी निकाल खिशात घेऊन नऊ दिवस
मी त्यांच्या दारावरून चवड्यांवर गेलो.

दहाव्या दिवशी सांगितलं.
काळ्या पावावर लोणी लावत होत्या, लावत राहिल्या.
मग हात पुसले, कपाटातून तो कागद काढला,
चिठ्ठीवर नेहमीचं नाव लिहिलं, तारीख, सही,
आणि डिंकाचं बोट फिरवून
जुन्या चिठ्ठीच्या खाली डकवली.
वर नाही. जुनी झाकायची नसते.

"फळ मोजलंस?"
"मोजलं."
"किती?"
"दोन पूर्णांक एक मिलिमीटर."
"मला दोन पूर्णांक चार भरलं होतं,"
म्हणाल्या, आणि भिंग माझ्याकडे सरकवलं.

बाहेर साडेतीनलाच अंधारलं.
दिवा लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही
बराच वेळ.