गादी, निळी, एक

खेळ अमदावादला होते. आमच्याकडे नव्हते.
हे आधी लिहून ठेवतो,
कारण तालमीची वही माझ्याकडे असते
आणि ऑडिटरला सुरुवात स्वच्छ लागते.

थोरल्याकडे कार्य निघालं
की धाकट्याच्या घराचं जानवसघर होतं.
मांडव त्यांचा, उष्टी आपल्याकडे,
असं अध्यक्ष निंबाळकर पहिल्या सभेत म्हणाले
आणि चहा दोनदा घेतला.
तिकडे खोल्या संपल्या होत्या.
उरलेल्यांचे भाव ऐकून छोटे छोटे देश
एक्स्प्रेसवेनं इकडे सरकले,
भाताचं आळं फुटल्यावर वरण सरकतं तसे.

आमच्या वाट्याला कॅमेरूनच्या चौघी,
एक प्रशिक्षक,
आणि ट्रकातून उतरलेली एक गादी.

गादी म्हटलं की बडोद्यात
जुनी माणसं अजून सरळ बसतात.
ही निळी होती, तुकड्यातुकड्यांची,
मधे पिवळं कडं.
पसरायची कुठे?
हौद्यातली माती नव्वद वर्षांची,
तिच्यात हळद, ताक, तीळतेल,
आणि किती जणांचा घाम, त्याची पावती नाही.
करीमवस्तादांनी मातीवर ताडपत्री घातली,
झोपलेल्या माणसावर चादर घालतात तशी,
आणि दोन दिवस तालमीकडे फिरकले नाहीत.

जमा:
भाडं, सत्तावीस दिवसांचं, चेकनं.
अकरा अर्जांत न बदललेलं छप्पर
कॉर्पोरेशननं एका रविवारात बदललं.
मुलींसाठी संडास, दोन, आतून कडी लागणारे.
दांडिया बाजारच्या कर्णिकबाईंनी डबे दिले,
पाहुण्यांचं तिखट कमी करता करता
त्यांच्या घरचंही कमी झालं.
सेव-उसळवाल्या नटूभाईनं
चौघींचा फोटो पाटीवर लावून
बशीमागे पाच रुपये वाढवले. फोटो उडाला,
पाच रुपये आहेत.

खर्च:
शेजारच्या लॉजनं भाव चढवले
तेव्हा डभोईकडच्या नर्सिंग शिकणाऱ्या तिघी
ट्रंका घेऊन रिक्षात बसल्या.
त्या तालमीच्या नव्हेत,
वहीत त्यांना रकाना नाही.
तरी लिहितो.

आणि एक नोंद कुठे टाकावी ते कळेना.
एका संध्याकाळी पाहुण्यांना
काळ्या घोड्याच्या पुलावर नेलं,
विश्वामित्रीतली मगर दाखवायला.
दुसरं काय आहे आपल्याकडे, जे तिकडे नाही?
चौघी हसल्या.
मारी-क्लेअरनं हात पसरून सांगितलं,
आमच्याकडच्या एवढ्या.
मग शेजारी उभ्या तेजल शितोळेचा दंड धरून
(वय चौदा, फी तीन महिन्यांची बाकी)
ती दाखवू लागली मगर कशी धरते:
मनगट नाही, कोपराच्या वर,
दात लागले की सोडायचं नाही,
अख्खं अंग फिरवायचं.
कठड्याशी गर्दी जमली.
खाली मगर, तिच्याकडे कोणी बघेना.

खेळ सुरू झाले. तिकिटं आम्हांला परवडली नाहीत.
मारी-क्लेअर दुसऱ्या फेरीत पडली,
फोन उसळीच्या बरणीला टेकवून आम्ही पाहिलं.
त्या तिकडूनच विमानात बसल्या.
गादी परत न्यायला गादीहून जास्त पैसे लागत होते.
फ्रेंच चिठ्ठी आली, युनिव्हर्सिटीतून वाचून आणली.
एकच शब्द होता कामाचा: ठेवा.

परवा तेजलनं सुरतच्या पोरीला फिरवून टाकलं.
वस्ताद म्हणाले, हा कुठला डाव?
मगर, ती म्हणाली.
असला डाव नसतो, ते म्हणाले,
आणि काल पहाटे ताडपत्रीचा कोपरा उचलून
मातीत तोच
पोरांना घोटून घेत होते.

ऑडिटर विचारतो, खरेदी की देणगी?
मी म्हणतो, शेजारून आली.
त्यानं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
ते मी खोडलेलं नाही.