रकाना सहावा

खानापूर तहसीलबाहेर, झेरॉक्सच्या शेडला टेकून
माझं टेबल आहे. एक पाय आखूड, त्याखाली चिरा.
लोक मराठीत सांगतात, मी कन्नडमध्ये लिहितो.
मधलं काय सांडतं ते टेबलाखाली बघावं.

भरमव्वा भोई आली तेव्हा हातात डबा होता.
डब्यात पाणी, पाण्यात चार शिंपले,
मलप्रभेच्या गाळाचा वास अजून सुटला नव्हता.
“ह्येंचा परवाना पाहिजे.”
जांबोटीच्या अलीकडे सासऱ्याची चिऱ्याची खाण.
चिरा संपला, खड्डा राहिला, खड्ड्यात पाणी साठलं.
त्यात हे जाळीतून टांगायचे. पोटात बी घालायचं.
दीड वर्ष थांबायचं.

“बी घालताना दुखत नाही त्याला?”
हा प्रश्न अर्जात नव्हता.
“दुखतंय म्हणूनच करतंय की ते.
पण लई उघडलं तर मरतंय.
बोटभर नको. तांदळाएवढं.”

अर्ज दोन पानी.
रकाना एक ते पाच सुरळीत गेले: नाव, नवरा, सर्व्हे नंबर,
पाण्याची खोली (दोरीला दगड बांधून मोजलेली, अकरा हात).
रकाना सहा: माशाची जात.

हुदली साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
शिंपला मासा नाही. मासा नाही तर मत्स्यपालन नाही.
शिवाय खाण ही खाण आहे, तळं नव्हे,
ते बेळगावला, खनिजवाल्यांकडे.
खनिजवाले म्हणाले, बुडालेला दगड आम्ही मोजत नाही.
आणि नदीतून शिंपले कुणाला विचारून काढले
हे तिसऱ्याच टेबलावर निघालं.

मी तिला हळूच म्हटलं, रोहू लिहूया.
कोण बघायला येतंय?
तिनं डबा जवळ ओढला.
“आणि दीड वर्षानं
रोहूच्या पोटातनं मोती काढला म्हणून सांगू काय?”

मग मी वेगळा कागद जोडला, सविस्तर.
कन्नडमध्ये मोत्याला मुत्तु म्हणतात.
मुक्यालाही मुत्तु.
एकाच पानावर तो शब्द चौदा वेळा लिहिला,
बासष्टाव्या वर्षी, भर बाजारात, कार्बन घालून.

साहेब शेवटी आले. मोटारसायकल, टेप, सोबत एक शिपाई.
चारी बाजू मोजल्या. खाणीच्या बाजू सरळ असतात,
करवतीनं कापलेल्या. “तळं असं नसतं,” म्हणाले,
आणि तरी वाकले.
जाळ्या आधीच टांगलेल्या होत्या, रिकाम्या बाटल्यांवर तरंगत.
ते त्यांनी पाहिलं. कागदावर आलं नाही.
एक जाळी वर ओढली. शिंपल्यानं तोंड मिटलं.
इतक्या महिन्यांत साहेब पहिल्यांदा
मराठीत बोलले:
“लाजतंय की हे.”

परवाना अकराव्या महिन्यात आला.
तोवर बी पोटात जाऊन सात महिने झालेले.
म्हणजे मोती परवान्यापेक्षा मोठा.
अशा मोत्याचं काय करायचं याला कलम नाही,
मी दोन्ही भाषांत शोधलं.

रकाना सहामध्ये टाइप केलेलं होतं: इतरे.
मराठीत इतर, कन्नडमध्ये इतरे,
एक मात्रा जास्त.
भरमव्वानं विचारलं, काय लिहिलंय?
एवढा एकच शब्द मला उलटा करून सांगावा लागला नाही.
इकडे तो सगळ्यांना येतो.

मागच्या पानावर अटी. नववी अट:
दर तीन महिन्यांनी जिवंत किती, मेले किती, लेखी कळवणे.
ती येते. एस.टी.तून, डबा मांडीवर धरून.
मी तारीख घालतो. ती आकडा सांगते.
या खेपेला मेले सत्तावीस.
फीचे चाळीस रुपये मोजून ठेवते
आणि मी मागितलेलं नसताना
झाकण उघडते.