उलट नोंद

सौदे आटोपल्यावर अडत दुकानात
भूपाल मगदूम काकांनी मला बोलावून घेतलं.
सत्तेचाळीस पोती हळद चौऱ्याहत्तर पडली होती
आणि माझ्या प्रोग्रॅमला मागे फिरता येत नव्हतं.
"वहीत बरं होतं," म्हणाले,
"चुकलं तर कुणाचं चुकलं ते तरी दिसायचं."

विश्रामबागच्या खोलीत मी आठ रात्री बसले.
लोकांना वाटतं, अनडू म्हणजे काळ मागे नेणं.
काळ कुठला जातोय मागे.
आपण फक्त उलटं काम करतो, तेही पुढे जाता जाता.
प्रत्येक कृतीला जन्मतानाच विचारून ठेवायचं,
तुला मोडायचं कसं, सांग.
बेरीज म्हणते, वजा कर.
नाव बदललं, तर जुनं नाव खिशात ठेवायचं.
खोडण्याला मात्र सगळंच लक्षात ठेवावं लागतं:
काय होतं, किती होतं, कितव्या ओळीवर होतं.
पहिल्या रात्री मी ओळ विसरले,
आणि खोडलेली नोंद परत आली ती अगदी तळाला,
उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी
चपलांपाशी उभी.

मग दोन चळती, लग्नातल्या ताटांच्या असतात तशा.
वरचं ताट आधी निघतं.
एकीतून काढायचं, उलटं करायचं, दुसरीवर ठेवायचं.
रीडू म्हणजे तेच ताट परत इकडे.
इथवर काही अवघड नाही.
पण मागे जाऊन एक जरी नवं अक्षर टाकलंत
तर दुसरी चळत अख्खी रिकामी करायची. तशी रीत आहे.
क्लिअर, एवढी एकच ओळ.
मी ती लिहिली, अर्धविराम दिला,
आणि कितीतरी वेळ पुढची ओळ सुचली नाही.

हिंजवडीहून मी आले ती पंधरा दिवसांसाठी,
अब्बांच्या बायपासनंतर. त्याला आता तीन वर्षं होतील.
नवं अक्षर नेमकं कधी टाकलं, आठवत नाही.
शंभर फुटी रस्त्यावर गाळा बघायला गेले तेव्हा?
की त्याच्याही आधी, अम्मीनं विचारलं, "रुबिना, राहतेस?"
आणि मी तोंडात घास होता म्हणून
नुसती मान हलवली, तेव्हा?
रूममेटनं माझी कॉट दुसरीला दिली, फोटो पाठवला.
मी अंगठा पाठवला.

काकांना सांगितलं, शंभर पावलं मागे जाता येईल.
"एकशेएकावं आलं की?"
"तळातलं पहिलं गळतं."
"आवाज न करता?"
"हो."
हे त्यांना अजिबात पटलं नाही.

आणि छापून दिलेली पट्टी? गेलेला मेसेज?
ट्रक मिरजेच्या पुढे गेला असेल तर?
ते आपल्या हातात नाही, म्हटलं. तिथे उलट नोंद करायची,
नवी, आजच्या तारखेची.
"हां," म्हणाले, "आता कसं बोललीस,"
आणि कपाटातून एक लांबट वही काढली.
लाल शाईची एक रेघ, पट्टी धरून मारलेली.
खालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता.
शेजारी भू. म., अठरा दोन ब्याण्णव.
"थोरलीला बघायला यायचे होते त्या दिवशी," म्हणाले,
"माझं निम्मं लक्ष घड्याळात."

घरी येऊन मी ते बटण काढून टाकलं, 'कायमचे पुसा'.
त्याच्या जागी बारीक लाल रेघ, आणि दोन अक्षरांपुरती जागा.

सोमवारी ते स्वतः बसले कीबोर्डवर,
साबणाला दाद न देणारी पिवळी बोटं घेऊन.
कंट्रोल झेड. झेड. झेड.
चौऱ्याहत्तर गेले, वजन गेलं,
घेणाऱ्याचं नाव गेलं, सौदाच गेला.
"अगं, कुठवर आलो मी?"
"काका, काही टाइप करू नका. काहीच नको."
त्यांनी दोन्ही हात वर घेतले,
श्वाससुद्धा धरून ठेवला असावा.
मग माझ्याकडे बघत, एका बोटानं,
वाय.
वाय.

संध्याकाळी दुकान झाडताना
मी झेडची कळ पुसून घेतली.
वाय राहू दिली तशीच.