ऐवज

गुरुजींनी विचारलं, सौभाग्यवती कुठायत?
म्हणालो, बाहेरगावी असते.
खरं तर कर्वेनगर. धायरीहून दोन बस,
पण त्यांना साडेअकराला वारज्यात आणखी एक वास्तुशांत होती,
त्यांनी पिशवीत हात घातला
आणि एक सुपारी दिली.
कमरेला खोचा. हं, आता बसा जोडीनं.

बसलो.
चौरंगावर दुसरी एक सुपारी, तिला गणपती म्हणायचं.
तिला वस्त्र नव्हतं, तर वस्त्रार्थे अक्षता.
दागिने नव्हते, अलंकारार्थे अक्षता.
वाटीतले तेच तांदूळ उपरणं झाले, बाजूबंद झाले,
छत्र झाले, चामर झाले.
दक्षिणेच्या वेळी मात्र
अक्षता चालल्या नाहीत.

मला यात नवल नव्हतं.
एकतीस वर्षं नारायण पेठेत कवळ्या करतोय.
आधी मेणाची हिरडी, तिच्यात दात बसवायचे,
प्लास्टरमध्ये कोंडून उकळत्या पाण्यात
मेण घालवायचं, आणि ते गेलं की
त्याच्या पोकळीत गुलाबी ॲक्रिलिक.
कुणाच्या जागी कोण आलं
ते आरशाला कळत नाही.
जिभेला कळतं. ती महिनोन्महिने
तिथे जाऊन बघून येते.

रास्ता पेठेतल्या कुमुदिनीबाई आपटीकर
परवा जिना चढून स्वतः आल्या, रुमालात कवळी घेऊन.
इतके सरळ नकोत हो मला.
पुढच्या दोघांत फट होती माझ्या.
माझा स तिथून यायचा.
आता नातू फोनवर विचारतो, कोण बोलतंय?

फट करून दिली.
दात कुणीही बसवेल.
नसलेली जागा मापात बसवायला
मला चार दिवस लागले.

आमच्या घरात शब्दही असेच बसवलेले.
बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली.
मंगळसूत्र तुटलं, वाढलं.
एकूण आमच्याकडे सगळं वाढतच गेलं.
निघणाऱ्यानं जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं.
म्हणून तीसुद्धा दोन बॅगा घेऊन
उंबऱ्यापाशी थांबली, चपलेचा बंद लावला
आणि म्हणाली, येते.
दुसरा शब्द
तिलाही कुणी शिकवला नव्हता.

लकडी पुलात लाकूड नाही.
माझ्या आजोबांनीही पाहिलं नसेल.
तरी रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगा,
बरोबर तिथेच सोडतो.

चोरीला गेलं की पोलीस लिहून घेतात: ऐवज.
त्या जागी आपण आणून ठेवतो ते ऐवजी.
फरक एका वेलांटीचा.
हे मला पूजेत सुचलं, संकल्प चालू असताना,
आणि गुरुजी म्हणाले, गोत्र सांगा, लक्ष कुठेय?

संध्याकाळी केळीचे खुंट खाली नेऊन टाकले.
नव्या भिंतींना रंगाचा वास, फ्रीज अजून खोक्यात.
सोवळं सोडताना सुपारी पडली,
टाइल्सवरून गडगडत बाल्कनीच्या दारापर्यंत गेली.
तिथून उचलली. मग फोन लावला.

झाली पूजा?
झाली.
माझ्या जागी कोण बसलं?
सुपारी.

ती हसली.
तिच्याही पुढच्या दोन दातांत फट आहे,
मी कधी भरू म्हटलं नाही, तिनं कधी भर म्हटलं नाही.
हसताना तिथून हवा जाते,
ती हवा माझ्या कानात आली.

मग तिनं विचारलं, चिकणी का साधी?
चिकणी, म्हणालो.
पाहिलं नव्हतं. मुठीत होती.

बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.
मी दोन मोजल्या.
तिसरीला म्हणाली, बरं, ठेवते.

काय,
ते म्हणाली नाही.