अंगी लागणं

पिंजऱ्यात दोन बशा.
एकीत प्रथिनं जास्त, दुसरीत पिष्ट.
रंग दोन्हींचा एकच, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.
कुठली कुठली, हे नाकतोड्याला कुणी सांगितलेलं नाही.

तो एकीत पाय टेकतो, मिशा हलवतो,
दुसरीकडे जातो, परततो, मध्येच विसरल्यासारखा थांबतो.
चौथ्या दिवशी मी बशा काट्यावर ठेवते
तर हिशेब तोच:
एक भाग प्रथिनं, दोन भाग पिष्ट.
कालच्या मादीचा तोच, परवाच्या लंगड्याचाही तोच.
मला शाळेत त्रैराशिक कधी सुटलं नाही.
याची चव पायांत असते,
गणितही तिथेच असावं.

मी ग्निलान. काफ्रीनच्या केंद्रात
किड्यांची स्वयंपाकीण, असं बिराम म्हणतो,
आणि स्वतःच्या विनोदावर
माझ्या आधी हसतो.

ज्यांना एकच बशी मिळते त्यांची गोष्ट वेगळी.
नुसत्या प्रथिनांवरचे
थोड्याशा पिष्टासाठी ढीगभर नको ते गिळतात,
मग ते नको ते जाळत बसतात, बाहेर टाकत बसतात.
कात उशिरा टाकतात.
एकजण अर्ध्या कातीतच राहून गेला,
सदऱ्याची एकच बाही घालून
झोपी गेलेल्या पोरासारखा.
त्याची नोंद करायला मला दोन दिवस लागले.

पिष्टावरचे मात्र टुमटुमीत.
चिरलं की आत पिवळी चरबी,
रात्रभराच्या उड्डाणाचं तेल.

हे सगळं बाहेरही दिसतं,
फक्त बशा एकरांच्या असतात.
वाली म्हाताऱ्याच्या शेतात मी दोरीचं रिंगण टाकते, मोजते.
दमलेल्या मातीतली बाजरी फिकी, पानात जीव कमी, साखर जास्त:
चौऱ्याऐंशी.
सासच्या झाडाखाली, जे पावसात पानं गाळतं
आणि उन्हाळ्यात हिरवं होतं, असं उलट्या काळजाचं झाड,
तिथली बाजरी काळपट हिरवी, माझ्या खांद्याच्या वर:
अकरा.

वाली विचारतो, एवढं मोजायचा पगार मिळतो तुला?
मी हो म्हणते.
तो झाडाच्या बुंध्यावर थाप मारतो, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.
माझ्या बापाने कुऱ्हाड लपवून ठेवली होती, म्हणतो,
त्याला कुणी एक दमडी दिली नाही.

घरी एकच परात, आठ हात.
पूर्वी मधोमध थियोफचं अख्खं डोकं असायचं,
डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघणारं.
मग याबोय आले, काटेच काटे.
आता तेही महाग.
आई बोटांनी मासा मोडते,
एकेक तुकडा एकेकाच्या पुढ्यात सरकवते,
आणि स्वतः नुसता भात खाते,
तेलकट, लालसर, घास मोठे मोठे.
परातीला चिकटलेली खरपुडीही तीच खरवडते.
पोट तट्ट, पण हात थांबत नाही.

डॉक्टर म्हणाला, साखर वाढलीय, जीभ आवरा.
ती ओशाळून हसली.
मी काहीच बोलले नाही, पण मला ठाऊक आहे:
जीभ नाही ती.
शरीर भातात मासा शोधतंय,
या घासात नाही तर पुढच्या घासात.
इतकं खाते, काही अंगी लागत नाही,
असं शेजारीण म्हणते. लागतं की.
भलतंच लागतं.

कुठे थांबायचं हे नाकतोड्याला कळतं,
पण दोन बशा असल्या तर.

परवा पगार झाला. मी चवळी आणली,
रात्रभर भिजवली, सुकट घालून शिजवली.
सण आहे का आज, आईने विचारलं.
नाही म्हटलं.
ती चवळी खात राहिली, बिरामच्या हसण्याची नक्कल करत,
बहिणीच्या नवऱ्याला नावं ठेवत,
आणि बोलता बोलता हात धुतले.

तिच्या पुढ्यात भाताचा छोटा ढीग तसाच.
तिचं लक्ष नव्हतं.
काटा केंद्रात होता.
मी नजरेनेच वजन केलं
आणि कुठेच लिहिलं नाही.